पाण्याला किती उशीर करता येईल?

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओतो नावाचं बेट आहे. तिथे २००४ साली एक बोगदा खोदायला सुरुवात झाली. वळसे घेत घेत तो सुमारे ५ किलोमीटर जातो आणि जमिनीखाली ४०० मीटरच्या पलीकडे उतरतो. या जागेचं नाव ओंकालो. अणुभट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन कायमचं पुरून टाकण्यासाठी बांधलेली ही जगातली पहिली जागा. इथे ‘कायमचं’ म्हणजे खरोखरच कायमचं. एकदा भरून तोंड बुजवलं की तिथे पंप नाही, वीज नाही, देखभाल नाही, राखणदारही नाही. पुढची लाखभर वर्षं या जागेने आपली आपण सुरक्षित राहायचं आहे.

माणसाने बांधलेली कुठलीच वास्तू इतकी टिकलेली नाही. पिरॅमिडही साडेचार हजार वर्षांचेच आहेत. मग लाख वर्षांची हमी अभियंते कशाच्या जोरावर देतात? याचं उत्तर मजबूत बांधकामात मिळत नाही. ते मिळतं पाण्याच्या हिशेबात.

आधी पुरायचं काय आहे ते बघू. अणुभट्टीचं इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या सेंटिमीटरभर लांबीच्या, भाजून कडक केलेल्या गोळ्या. त्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या लांब नळ्यांमध्ये भरतात. काही वर्षं भट्टीत राहून बाहेर आलेल्या या नळ्यांजवळ आडोशाशिवाय काही मिनिटं उभं राहिलं तरी माणूस वाचणार नाही. त्यातून उष्णताही भरपूर निघत असते. म्हणून त्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ठेवतात. सुमारे ४० वर्षांत त्यांची किरणोत्सारिता भट्टीतून काढतानाच्या मानाने हजारावा हिस्सा उरते. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचं अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास, त्यामुळे ३०० वर्षांत तेही बहुतेक संपतात. मागे उरतात ते चिवट: प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच २४,००० वर्षं लागतात. हे सगळं शमत शमत, ज्या खनिजातून युरेनियम काढलं त्याच्या पातळीच्या आसपास यायला लाख-दोन लाख वर्षं जातात. लाख वर्षांचा आकडा इथून येतो.

अनेकांना वाटतं की एवढं खोल पुरायचं ते किरण वर येऊ नयेत म्हणून. तसं नाही. किरण अडवायला दोन-चार मीटर खडक पुरतो. ४०० मीटर खाली जायचं कारण वेगळं आहे. ते द्रव्य स्वतःहून चालत वर येऊ शकत नाही, त्याला वाहन लागतं, आणि जमिनीखाली असं वाहन एकच: भूजल. कुणी भविष्यात अजाणता तिथे भोक पाडलं, हा दुसरा धोका. तो खोलीमुळे आणि कुणी मुद्दाम खोदावं असं खनिज नसलेला खडक निवडल्यामुळे बराच कमी होतो. बाकी सगळं डिझाइन पाण्याला तीन ठिकाणी अडवण्यासाठी आहे. पाणी कचऱ्यापर्यंत पोचू नये. पोचलंच तर त्यात फारसं काही विरघळू नये. विरघळलंच तर ते वर यायला इतका वेळ लागावा की तोवर त्यातला दम संपलेला असेल.

ओल्किलुओतोचा खडक सुमारे १९० कोटी वर्षांचा आहे. नाइस जातीचा, ग्रॅनाइटचा भाऊबंद. पण जुना आणि कठीण असला म्हणजे तो पाणबंद झाला असं नाही. अशा खडकात पाणी भेगांतून फिरतं, म्हणून तिथलं खरं काम भेगा वाचण्याचं. खाली गेल्यावर भेगा कमी होतात, पाणी खारं होत जातं आणि त्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. खाऱ्या, जड पाण्यावर वरच्या गोड्या पाण्याचा प्रवाह सहसा मारा करत नाही. त्यामुळे खालचं पाणी फार काळ जागच्या जागी पडून असतं. नेमकं हेच हवं असतं.

आडव्या बोगद्यांच्या तळाशी सुमारे ८ मीटर खोल आणि पावणेदोन मीटर रुंद असे उभे खड्डे घेतात. एका खड्ड्यात इंधन भरलेलं एक पिंप. पण आखणीत खड्डा दाखवलाय म्हणून तो घेतलाच पाहिजे असं नाही. मोठी भेग त्या जागेला छेदत असेल, किंवा मिनिटाला ०.१ लीटरपेक्षा जास्त पाणी झिरपत असेल, तर ती जागा सोडून द्यायची. म्हणजे नकाशा शेवटी खडक ठरवतो. कागदावर काढलेली जाळी खडकावर लादायची नाही, ही शिस्त मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यासाठी पैसे मोजून खोदलेली जागा रिकामी सोडायची तयारी लागते.

पिंप दुहेरी आहे. आत बिडाचा ठोकळा, त्यात इंधनाच्या जुड्या ठेवायला खाचा. बाहेर ५ सेंटिमीटर जाडीचं तांब्याचं कवच. व्यास मीटरभर, उंची अणुभट्टीच्या प्रकारानुसार साडेतीन ते सव्वापाच मीटर. बीड वजन आणि दाब पेलतं, तांबं गंजाला तोंड देतं. ही पद्धत मुळात स्वीडनमध्ये विकसित झाली आणि केबीएस-३ या नावाने ओळखली जाते. फिनलंडची पोसिवा कंपनी तीच वापरते.

तांबंच का? प्राणवायू नसलेल्या पाण्यात तांबं जवळजवळ गंजत नाही. निसर्गात शुद्ध तांब्याचे गोळे कोट्यवधी वर्षं खडकात टिकून राहिलेले सापडतात. स्वीडनजवळ बाल्टिक समुद्रात १६७६ साली बुडालेल्या क्रोनान या युद्धनौकेची एक कांस्य तोफ समुद्रतळाच्या चिकणमातीत रुतलेली मिळाली. तीनशे वर्षांत तिचं किती गंजून गेलं ते संशोधकांनी मोजलं, तर ते अगदीच किरकोळ निघालं. असे पुरावे महत्त्वाचे, कारण प्रयोगशाळेत कुणी हजार वर्षं थांबू शकत नाही.

तांब्याचा शत्रू मात्र आहे: सल्फाइड. खोल पाण्यातले काही जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात आणि ते तांबं खातं. शिवाय २००७ च्या सुमारास स्टॉकहोमच्या काही संशोधकांनी दावा केला की प्राणवायू नसतानाही निव्वळ पाणी तांब्याला गंजवतं. यावर स्वीडनमध्ये वर्षानुवर्षं वाद झाला. इतका, की २०१८ मध्ये तिथल्या पर्यावरण न्यायालयाने पिंपाच्या टिकाऊपणाबद्दल आणखी पुरावे मागितले. स्वीडिश सरकारने २०२२ मध्ये फोर्समार्क इथल्या अशाच प्रकल्पाला परवानगी दिली आणि २०२५ च्या जानेवारीत काम सुरू झालं. या वादाने काम रखडलं अशी तक्रार झाली. मला तो अशा प्रकल्पाच्या फायद्याचाच वाटतो. लाख वर्षांच्या दाव्यावर आक्षेप घेणारं कुणीच नसेल, तर काळजी तेव्हा करावी.

पिंपाभोवतीचा थर आपल्या ओळखीचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन आठवा. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन-तीन पावसांत त्या मिटून जातात. ती इतकी फुगते की घराचे पाये उचलले जातात, भिंतींना तडे जातात. काळ्या मातीतली स्मेक्टाइट गटातली खनिजं पाणी पिऊन फुगतात म्हणून हे होतं. ओंकालोत वापरतात त्या बेंटोनाइट मातीत याच गटातलं माँटमोरिलोनाइट ठासून भरलेलं असतं. मुंबई-पुण्यात पुलांच्या आणि मेट्रोच्या खांबांसाठी पायलिंग करताना भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून ओततात तेही बेंटोनाइटच. घरबांधणीत डोकेदुखी ठरणारा हा फुगण्याचा गुण इथे कामी येतो. बेंटोनाइट दाबून त्याची कोरडी कडी आणि ठोकळे करतात आणि पिंपाभोवती रचतात. हळूहळू पाणी झिरपतं, माती फुगते, पण तिला जायला जागा नसते. त्यामुळे ती प्रत्येक फट भरून काढत पिंपाला चारी बाजूंनी आवळते. तिच्या आत पाणी वाहूच शकत नाही. विरघळलेले कण अतिशय संथपणे नुसते पसरत जातात. दाट दाबलेल्या मातीत जिवाणूंनाही हातपाय पसरायला जागा उरत नाही, म्हणजे सल्फाइडचाही काही बंदोबस्त होतो. शिवाय खडक थोडा सरकला तर ही माती गादीचं काम करते.

पण मातीला फार ताप सोसत नाही. म्हणून तिचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायचं हा नियम. इंधन आधी ४० वर्षं थंड का करायचं आणि दोन पिंपांमध्ये काही मीटर अंतर का सोडायचं, याचं एक कारण तिथे आहे. अंतर वाढलं की बोगदे वाढतात आणि खर्चही वाढतो. ओंकालोत सुमारे ६,५०० टन युरेनियमचं इंधन, म्हणजे अंदाजे ३,२५० पिंपं ठेवायची योजना आहे.

आता एक गोष्ट, जी पहिल्यांदा ऐकताना मला उलटीच वाटली होती. लोक घाबरतात प्लुटोनियमला. सुरक्षेचा हिशेब मांडणारे मात्र काळजी करतात आयोडीन-१२९, क्लोरीन-३६ आणि कार्बन-१४ यांची. प्लुटोनियम घातक आहे, पण आळशी आहे. प्राणवायू नसलेल्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, आणि जे विरघळतं ते माती आणि खडकाला चिकटून बसतं. आयोडीन सहज विरघळतं, कशालाही फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर निघतं. त्याचं अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून जास्त. त्यामुळे ‘पिंप फुटलं तर वर सर्वांत आधी काय पोचेल?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच थोड्याशा आणि हलक्या प्रवाशांकडे जातं.

याला निसर्गाचीही साक्ष आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात आपोआप अणुविखंडनाची साखळी सुरू झाली आणि ती अधूनमधून लाखो वर्षं चालली. १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना तिथल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चं प्रमाण नेहमीपेक्षा किंचित कमी आढळलं आणि हे उघडकीस आलं. तिथे तयार झालेलं प्लुटोनियम जागेवरून जवळजवळ हललं नव्हतं. काही हलकी द्रव्यं मात्र निघून गेली होती. म्हणजे ओक्लो हा निखळ दिलासा नाही. काय टिकतं आणि काय निसटतं, याची ती यादी आहे.

फिनलंडमध्ये आणखी एक पाहुणा येणार हे गृहीत धरावं लागतं: हिमयुग. पुढच्या लाख वर्षांत तिथे पुन्हा किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसू शकतो. त्या वजनाने पिंपावरचा दाब वाढतो, म्हणून बिडाचा ठोकळा तसा जाड केलेला आहे. मागच्या हिमयुगातल्या बर्फाने दबलेली ओल्किलुओतोची जमीन अजूनही वर्षाला सुमारे ६ मिलिमीटर वर येते आहे. बर्फ वितळताना दबलेलं भूकवच उसळतं आणि जुने भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेला असतो त्या भेगा, हलून मोठे भूकंप होऊ शकतात. उत्तर स्वीडनमध्ये असे भ्रंश आजही दिसतात, त्यातला एक दीडशे किलोमीटर लांब आहे. म्हणून पिंपाची अशी कसोटी लावतात की खडक आडवा ५ सेंटिमीटर एका झटक्यात सरकला तरी ते फुटता कामा नये. आणि वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी खोलवर शिरलं, तर बेंटोनाइट धुपून जाऊ शकतं. कारण या मातीला थोडा खारेपणा हवा असतो. ही शेवटची शक्यता तज्ज्ञांना बरीच छळते.

मग हे सगळं सिद्ध कसं करायचं? सिद्ध होत नाही. ‘कधीच गळणार नाही’ असं कुणी म्हणतच नाही. अभियंते प्रत्येक थर आळीपाळीने निकामी धरतात. समजा, एका पिंपाच्या वेल्डिंगला सुरुवातीपासून बारीक भोक आहे. समजा, एका खड्ड्यातली माती धुपून गेली. समजा, भूकंपाने चार-पाच पिंपं फुटली. प्रत्येक प्रसंगात किती किरणोत्सारी द्रव्य किती काळाने वर पोचेल ते मांडायचं. फिनलंडच्या नियमानुसार पहिली काही हजार वर्षं तिथे राहणाऱ्या, तिथलं पाणी पिणाऱ्या माणसाला वर्षाला ०.१ मिलिसीव्हर्टपेक्षा (हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) जास्त मात्रा मिळता कामा नये. जगभर माणसाला निसर्गातून सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असते, त्याच्या तुलनेत ही मर्यादा फार कडक आहे. त्यापुढच्या काळासाठी नियम माणसांचं नावच घेत नाही. तेव्हा तिथे कोण राहील, काय खाईल हे सांगता येणार नाही. म्हणून जमिनीतून वर येणाऱ्या द्रव्यावरच मर्यादा घातली आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

जिथे चुकलं तिथे काय चुकलं, तेही बघायला हवं. जर्मनीतल्या आसे इथल्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कमी आणि मध्यम किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपं ठेवली, काही तर थेट ढिगावर ओतली. मिठाचा थर कोट्यवधी वर्षं कोरडा होता म्हणूनच टिकला, आणि तो हळूहळू सरकून स्वतःच फटी मिटवतो, हा तर्क बरोबर होता. पण ही जागा कचऱ्यासाठी निवडलेली नव्हती. मीठ काढून पोखरलेली खाण स्वस्तात मिळाली, एवढंच. काही दालनं बाहेरच्या खडकाच्या अगदी जवळ होती. १९८८ पासून तिथे दिवसाला सुमारे १२,००० लीटर खारं पाणी येऊ लागलं. आता तो सगळा कचरा परत वर काढायचा कायदा जर्मनीने केला आहे, आणि तेच काम ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत ६५५ मीटर खोल मिठात अण्वस्त्र कार्यक्रमातला प्लुटोनियमयुक्त कचरा १९९९ पासून पुरतात. तिथे मीठ चांगलं निघालं, पाणीही आलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत एक पिंप तापून फुटलं, कारण लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेत ते भरताना ओल शोषायला खनिजाची भुकटी वापरायची होती, ती सोडून धान्यापासून केलेली मांजरांच्या ट्रेमधली भुकटी वापरली गेली. तिची आणि कचऱ्यातल्या नायट्रेट क्षारांची रासायनिक क्रिया झाली. जागा जवळपास तीन वर्षं बंद राहिली. दहा हजार वर्षांचं भूशास्त्र जुळवून झालं आणि घात केला खरेदीच्या यादीने.

माणसांचा भाग खडकाइतकाच कठीण. फिनलंडने १९८३ मध्येच वेळापत्रक ठरवलं, पाच ठिकाणी खडक तपासले आणि ज्या गावाला ‘नको’ म्हणायचं आहे त्याला तसं म्हणायचा कायदेशीर हक्क दिला. ओल्किलुओतो ज्यात येतं त्या एउरायोकीच्या नगरपरिषदेने जानेवारी २००० मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, पुढच्या वर्षी संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी. त्या गावात १९७० च्या दशकापासून अणुवीज केंद्र होतं, हेही विसरू नये. अमेरिकेने याउलट १९८७ मध्ये कायदा करून नेवाडा राज्यातल्या युका पर्वतावर शिक्का मारला. राज्य शेवटपर्यंत विरोधात राहिलं आणि अब्जावधी डॉलर खर्चून तो प्रकल्प अडकून पडला. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तामिळनाडूत थेनीजवळ डोंगराखाली न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची वेधशाळा व्हायची होती. तिचा अणुकचऱ्याशी संबंध नव्हता. तरी ‘खाली कचरा पुरणार’ ही अफवा वर्षानुवर्षं फिरत राहिली आणि खुलासे करूनही ती थांबली नाही.

भारताची वाट वेगळी आहे. आपण वापरलेलं इंधन सरसकट पुरत नाही. तुर्भे (ट्रॉम्बे), तारापूर आणि कल्पाक्कमला त्यावर प्रक्रिया करून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढतो. मागे उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत ओततात. त्यातलं सीझियम वेगळं काढून रक्तपेढ्यांत रक्तावर किरणांची प्रक्रिया करण्यासाठीही वापरलं जातं. काचेचे डबे तारापूरला हवेच्या नैसर्गिक झोताने थंड होणाऱ्या खास कोठारात ठेवतात. किमान ३० वर्षं तिथे आणि मग खोल खडकात, असा आराखडा आहे. आपला कचरा कमी असल्याने खोल भांडाराची तूर्त गरज नाही, ही सरकारची भूमिका.

तरी चाचपणी झालेली आहे. १९८० च्या दशकात कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीच्या बंद भागात, सुमारे १,००० मीटर खाली, कचऱ्याच्या उष्णतेची नक्कल करणारे हीटर लावून खडक कसा वागतो ते भाभा अणुसंशोधन केंद्राने अनेक वर्षं मोजलं. राजस्थानातल्या ग्रॅनाइटचाही अभ्यास झाला आहे. मग ज्या महाराष्ट्रात ही काच तयार होते, तिथलाच खडक का नाही? आपल्याकडचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या एकावर एक बसलेल्या थरांचा. बोअर मारणाऱ्या कुणालाही विचारा, पाणी लागतं ते दोन थरांच्या मध्ये आणि सच्छिद्र पट्ट्यांत. पाणी शोधणाऱ्याला जे थर आवडतात तेच कचरा पुरणाऱ्याला नको असतात. अमेरिकेतही वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डचा असाच बेसॉल्ट एके काळी उमेदवारांच्या यादीत होता. १९८७ मध्ये तो गळला. म्हणजे तारापूरच्या काचेला पुढे कधी खोल जागा द्यायची वेळ आली, तर तिला दख्खनच्या पठाराबाहेरच जावं लागेल असं दिसतं. फिनलंडला जागा शोधायला सुरुवात केल्यापासून २०२४ मध्ये खऱ्या इंधनाशिवाय पहिली चाचणी घ्यायला ४० वर्षं लागली, आणि तो देश आपल्यापेक्षा खूप लहान आहे.